चैत्रगौरीची फाईल कुठे सापडेल?

कोणत्याही मोठ्या पुरालेखागारात जाऊन 'सार्वजनिक गणेशोत्सव' हा विषय सांगितलात, तर तुमच्यासमोर एवढे कागद येतील की टेबल अपुरं पडेल. पोलिसांचे गोपनीय अहवाल, न्याय खात्याचा पत्रव्यवहार, वर्तमानपत्रांची कात्रणं, मेळ्यांच्या पदांची सरकारी भाषांतरं. रौलट समितीच्या १९१८ च्या अहवालाचं पहिलं प्रकरणच गणपती उत्सव आणि शिवाजी उत्सव यांच्यापासून सुरू होतं. सरकारला भीती वाटली, म्हणून सरकारने लिहून ठेवलं. आज आपण त्या भीतीवर पीएचडी करतो.

आता त्याच टेबलावर बसून 'चैत्रगौर' मागून बघा.

काही मिळणार नाही. सूचीत तो शब्दच नसतो. आणि गंमत अशी की ही काही एका दिवसाची गोष्ट नाही. चैत्र शुद्ध तृतीयेपासून वैशाख शुद्ध तृतीयेपर्यंत, म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंत, हे जवळपास महिनाभर चालतं, आणि पिढ्यान् पिढ्या चालत आलंय. तरी त्याची फाईल नाही. संशोधनाची तयारी करणाऱ्या तुमच्यापैकी बरेच जण मला विचारतात, की घरातल्या गोष्टींवर, सणावारांवर, स्वयंपाकावर इतिहासात काम करता येतं का, की तो विषय मानववंशशास्त्रवाल्यांना देऊन टाकायचा? करता येतं. पण त्यासाठी पुरावा कुठे शोधायचा, हे आधी बदलावं लागतं. चैत्रगौरीचं उदाहरण घेऊन ते कसं, ते सांगते.

ज्यांच्या घरी चैत्रगौर नसते त्यांच्यासाठी आधी थोडं. देवघरातली गौर, बहुतेक घरांत ती पितळेची अन्नपूर्णाच असते, छोट्याशा झोपाळ्यात किंवा पाळण्यात बसवतात. ती माहेरी आलीय असं मानतात. महिन्यातल्या सोयीच्या एखाद्या दिवशी, बहुधा मंगळवारी किंवा शुक्रवारी, हळदीकुंकू. त्या दिवशी गौरीसमोर आरास: पायऱ्या, त्यावर स्वच्छ चादर किंवा साडी, मोगरा, सोनचाफा, दवणा, कापून फुलासारखं केलेलं कलिंगड, काकडी, फराळाचे जिन्नस. दारात चैत्रांगण, म्हणजे चैत्रातली खास रांगोळी. येणाऱ्या बायकांना हळदकुंकू, हाताला अत्तर, अंगावर गुलाबपाणी, ओटीत भिजवलेले हरभरे, वाटीत कैरीची डाळ आणि पेल्यात पन्हं. महिना कैरीने सुरू होतो आणि अक्षय्य तृतीयेला आमरसाने संपतो. पुष्कळ घरांत त्या दिवशी पितरांना दाखवल्याशिवाय पिकलेला आंबा तोंडात घालत नाहीत. पुणे-सातारा-कोकणापासून इंदूर-बडोद्याच्या मराठी घरांपर्यंत हे थोड्याफार फरकाने असंच आहे. राजस्थानातली गणगौर बरोबर त्याच तृतीयेला संपते ज्या तृतीयेला आपली गौर झोपाळ्यात बसते. हा योगायोग नसावा असं मला वाटतं, पण तो वेगळ्या प्रबंधाचा विषय आहे.

यावर लिहिलेले लेख तुम्ही वाचले असतील. 'आपली ही प्राचीन परंपरा' अशी सुरुवात होते आणि मग आरोग्याची कारणं येतात. इतिहासाच्या विद्यार्थ्याने इथेच थांबून एक साधा प्रश्न विचारायचा: प्राचीन म्हणजे यातलं नेमकं काय? झोपाळा? डाळ? रांगोळी? अत्तर? आरासीतल्या प्रत्येक वस्तूचं वय वेगळं असतं. ती सगळी एकाच टेबलावर मांडलेली असतात म्हणून समवयस्क वाटतात, एवढंच.

झोपाळ्यापासून सुरू करू, कारण त्याचा लेखी पुरावा सगळ्यात सरळ आहे. पंढरपूरच्या काशिनाथ उपाध्यायांनी १७९० च्या सुमारास 'धर्मसिंधु' लिहिला. त्यातल्या चैत्राच्या प्रकरणात तृतीयेला शिवासह गौरीची पूजा करून तिला महिनाभर झुलवावं असं विधान आहे. त्याआधी कमलाकरभट्टांचा 'निर्णयसिंधु' (१६१२), आणि त्याही मागे तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांकडे असलेल्या हेमाद्रीचा 'चतुर्वर्गचिंतामणि', ज्याचा व्रतखंड म्हणजे व्रतांचं एक जंगलच आहे. या जंगलात वाट काढायला म. म. पां. वा. काणे यांच्या धर्मशास्त्राच्या इतिहासाचा पाचवा खंड जवळ ठेवा. व्रतांची सूचीच दिली आहे त्यात.

पण एक लक्षात घ्या. हे ग्रंथ 'करावे' असं सांगतात. लोक 'करत होते' असं सांगत नाहीत. दोन्हींत जमीनअस्मानाचं अंतर आहे. ट्रॅफिकचे नियम वाचून कोणी लक्ष्मी रोडवरच्या वाहतुकीचा इतिहास लिहिला तर तुम्ही काय म्हणाल? धर्मसिंधुवरून एवढं नक्की म्हणता येतं की अठराव्या शतकाच्या शेवटी पंढरपुरातल्या एका विद्वानाला ही गोष्ट नोंदवण्याइतकी महत्त्वाची वाटली. कोणाच्या घरी, किती जणींना बोलावून, कशा प्रकारे, हे त्यातून मिळत नाही. आणि डाळीची कृती धर्मग्रंथात शोधायला तर जाऊच नका.

डाळीचं वय काढायला वेगळा साक्षीदार लागतो. तो डाळीतच आहे: हिरवी मिरची. मिरची अमेरिका खंडातली. ती पोर्तुगीजांच्या जहाजांबरोबर सोळाव्या शतकात आपल्या किनाऱ्यावर आली. त्याआधीचा तिखटपणा मिरीचा, पिंपळीचा, आल्याचा. फसवणूक शब्दात आहे, कारण 'मिरची' हा शब्द जुन्या 'मरिच' वरून आलाय आणि मरिच म्हणजे मिरी. नाव जुनं, वस्तू नवी. म्हणजे भिजवलेली हरभऱ्याची डाळ, कैरी, मिरची आणि वर फोडणी, ही जी चव आपण 'पारंपरिक' म्हणून ओळखतो, ती या रूपात सोळाव्या शतकाच्या आधीची असूच शकत नाही. बहुधा बरीच नंतरची, कारण जहाजातून उतरलेली गोष्ट देवाच्या नैवेद्यात जायला वेळ लागतो. कैरी आणि डाळ एकत्र वाटायची कल्पना जुनी असेलही, त्याला कोणी नाही म्हणत नाही. हालाच्या गाथासप्तशतीत आंब्याचा मोहोर आहे म्हणून तुमच्या मावशीची आरास दोन हजार वर्षांची ठरत नाही, एवढंच म्हणणं आहे.

अत्तर आणि गुलाबपाण्याकडे बघा आता. 'अत्तर' हा शब्द अरबी. 'गुलाब' फारसी, आणि त्याचा मूळ अर्थच फुलाचं पाणी असा. पाण्याचं नाव पुढे आपल्याकडे फुलाला मिळालं. ज्याला आपण 'आरास' म्हणतो तो शब्दसुद्धा फारसीतून आलेला. अत्तर लावणं, गुलाबपाणी शिंपडणं, पानसुपारी देणं, हा दरबारी शिष्टाचार होता. दख्खनच्या सुलतानी दरबारांत होता, तिथून मराठ्यांच्या दरबारात आला. माझा अंदाज असा की हळदीकुंकवातलं स्वागत हे घरातल्या बायकांनी उभारलेलं दरबाराचं प्रतिरूप आहे. दिवाणखान्यात पुरुषांसाठी जे चालायचं ते माजघरात आपल्या हाताने, आपल्या मैत्रिणींसाठी. चांदीची गुलाबदाणी आणि अत्तरदाणी आजही कपाटातून याच दिवशी बाहेर येते. हे मान्य केलं की काही लोकांना अडचण होते, कारण 'शुद्ध' परंपरेच्या ताटात फारसी चमचा सापडतो. अडचण होऊ द्या. जुना मोल्सवर्थचा कोश (दुसरी आवृत्ती १८५७) हाताशी ठेवा आणि आरासीतल्या प्रत्येक वस्तूचं नाव त्यात काढून पाहा. दुपारभराचं काम आहे, आणि ग्रंथालयातल्या चार दिवसांपेक्षा जास्त देऊन जातं.

ऋतूबद्दल एक आडवळण घेते, कारण 'वसंताचं स्वागत' हे शब्द सगळेच वापरतात. पुण्यात वा नागपुरात चैत्र म्हणजे बहर खरा, पण त्याच्या जोडीला कडक ऊन. मोगरा, वाळा, चंदन, पन्हं, भिजवलेले हरभरे, कलिंगड: ही उन्हाळ्याची तयारी दिसते. मग पोथीतला वसंत आणि आपला घाम यांचं जमत का नाही? एक कारण हवामान, कारण उत्तरेतला वसंत आणि दख्खनचा वसंत एक नाही. दुसरं कारण पंचांग. आपलं पारंपरिक पंचांग नाक्षत्र वर्षावर चालतं. ते ऋतूंच्या वर्षापेक्षा सुमारे वीस मिनिटांनी मोठं आहे. सुमारे ७२ वर्षांत एक दिवसाचा फरक पडतो. मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखालच्या पंचांग सुधारणा समितीने १९५० च्या दशकात दाखवून दिलं की सण मूळ ऋतुमानापेक्षा सुमारे २३ दिवस पुढे सरकले आहेत. त्यातून २२ मार्च १९५७ पासून राष्ट्रीय दिनदर्शिका आली. ती सरकारी पत्रांवर छापली जाते. गौर मात्र जुन्याच तिथीला झोपाळ्यात बसते. कैरी बाजारात कधी येते याच्याशी तिचं जास्त देणंघेणं.

चैत्रांगणाची अडचण सगळ्यात अवघड. हा दस्तऐवज रोज काढायचा आणि रोज पुसायचा. पाळण्यातली गौर, सूर्य, चंद्र, शंख, चक्र, गदा, पद्म, स्वस्तिक, कासव, नाग, हत्ती, तुळशी वृंदावन, गोपद्म, कैरी, आणि त्यातच करंडा, फणी, आरसा. देवाची आयुधं आणि बाईच्या शृंगाराची पेटी एकाच सारवलेल्या चौकात. घरोघरी चिन्हांची संख्या बदलते, मांडणी बदलते. एखाद्या घरात एखादं चिन्ह असं असतं जे दुसरीकडे कुठेच नसतं, आणि विचारलं तर 'आमच्याकडे असतंच' एवढंच उत्तर मिळतं. तेच चिन्ह सगळ्यात मौल्यवान, कारण ते कुठल्यातरी माहेराहून आलेलं असतं. रांगोळीची छापील पुस्तकं आणि छाप आले तेव्हापासून हे फरक पुसट व्हायला लागले. छापलेलं ते बरोबर, आजीचं ते चुकलेलं. म्हणून तुम्ही दोन घरांतली चैत्रांगणं अगदी सारखी पाहिलीत तर 'परंपरा किती शुद्ध राहिलीय' असं लिहू नका. दोघींनी एकच पुस्तक वापरलं का, ते आधी विचारा. शेणाने सारवलेलं अंगण, मग शहाबादी फरशी, मग फ्लॅटच्या दारातली दोन फुटांची जागा, मग पाटावर काढलेली रांगोळी, हा जमिनीचा इतिहासही चैत्रांगणाच्या आकारात उतरलेला असतो. अंगण सारवायला कोण यायचं आणि ते सारवणारे हात हळदीकुंकवाला आत येत होते का, हा प्रश्न तिथेच विचारून घ्या. आरास पाहून निघताना तो विसरला जातो.

आता ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला ते सांगते. चैत्रगौरीची फाईल नाही असं सुरुवातीला म्हटलं. ते एका वर्षापुरतं तपासून बघावं असं मला सारखं वाटतं. ते वर्ष १८९७.

पुण्यात प्लेग होता. वॉल्टर चार्ल्स रँडच्या प्लेग समितीने मार्चच्या मध्यापासून घरं तपासायला सुरुवात केली. गोरे सोल्जर घरात शिरत, रोगी शोधत, सामान बाहेर काढत. हे काम मे महिन्यापर्यंत चाललं. २२ जूनच्या रात्री चापेकर बंधूंनी रँडवर गोळ्या झाडल्या. हा इतिहास तुम्ही शाळेपासून वाचलाय, आणि तो नेहमी त्या गोळीच्या दिशेने वाचलाय. आता तोच काळ तिथीने मांडा. स्वामिकण्णू पिल्लै यांची जंत्री उघडा. त्या वर्षी पाडवा एप्रिलच्या अगदी सुरुवातीला येतो आणि अक्षय्य तृतीया मेच्या पहिल्या आठवड्यात. म्हणजे गौर माहेरी असण्याचा संपूर्ण महिना सोल्जरांच्या घरतपासणीत गेला.

एरवी घराच्या उंबऱ्याबाहेर थांबणारं सरकार त्या महिन्यात माजघरात, स्वयंपाकघरात, देवघरापर्यंत पोचलं होतं. तक्रारी याच होत्या: बूट घालून देवघरात शिरले, स्वयंपाकघर बाटवलं, बायकांना बाहेर उभं केलं. केसरी, मराठा आणि इतर पत्रांत त्या आहेत, सरकारला दिलेल्या अर्जांत आहेत. पंडिता रमाबाईंनी मे १८९७ मध्ये 'बॉम्बे गार्डियन' मध्ये पत्र लिहून प्लेगच्या छावणीत बायकांचं काय होतं ते मांडलं. हा पत्रव्यवहार आजवर राजकीय असंतोषाचा पुरावा म्हणून वाचला गेला, आणि तो तसा आहेच. पण तोच कागद पुण्यातल्या घराच्या आतल्या रचनेचा पुरावा म्हणूनही वाचता येतो. कोणती खोली कुठे, देव कुठे, बायका दिवसा कुठे बसत, सोल्जर आले तेव्हा काय मांडलेलं होतं. प्रत्येक अर्जाची तारीख तिथीत बदलून बघा. अर्ज करणाऱ्याच्या दृष्टीने तो प्लेगचा एप्रिल असेल, त्याच्या घरातल्या बाईच्या दृष्टीने चैत्र होता. दहा जणींना बोलावून शेजारी बसवायचा महिना, आणि दहा जणी एकत्र येणं हाच धोका. त्या वर्षी हळदीकुंकू झालं का? गाव सोडून बाहेर झोपडीत राहायला गेलेल्यांनी गौर बरोबर नेली का? या प्रश्नांसाठी 'चैत्रगौर' नावाची फाईल लागत नाही. प्लेगची फाईल चालते. सरकारला १८९३ नंतर गणेशोत्सवाची भीती वाटली म्हणून त्याचे कागद झाले. १८९७ मध्ये घराचीच भीती वाटली म्हणून घराचे कागद झाले. सूचीत विषय नसला तरी भीती कुठे होती ते शोधा.

सरकारी कागदाव्यतिरिक्त घरचा कागद असतो, तो म्हणजे जमाखर्चाची वही. ना. गो. चापेकरांनी (वरच्या चापेकर बंधूंशी यांची गल्लत करू नका) १९३७ मध्ये 'पेशवाईच्या सावलींत' हे पुस्तक काढलं. जुन्या घरांच्या जमाखर्चातून त्यांनी सामाजिक इतिहास उभा केला. त्या पुस्तकाकडून पद्धत शिका: नारळ, हरभरे, गूळ, फुलं, बांगड्या यांचा खर्च कोणत्या महिन्यात वाढतो ते पाहायचं. वहीत 'वसंतोत्सव' असं कोणी लिहीत नाही. चैत्रात माळ्याला जास्त पैसे गेले एवढंच दिसतं. त्यासाठी मोडी यायला हवी, आणि ती येते. तीन महिने रोज एक तास दिलात तर हिशेबाची मोडी वाचता येते, कारण त्यात शब्द तेच तेच असतात. गोपनीय पत्रांची मोडी नंतर.

पाकपुस्तकं तर संशोधकांनी जवळजवळ हातच न लावलेली. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचं 'सूपशास्त्र' (१८७५), लक्ष्मीबाई धुरंधरांचं 'गृहिणीमित्र' (१९१०), कमलाबाई ओगल्यांचं 'रुचिरा' (१९७०). त्यातल्या कृतींपेक्षा मापं वाचा. शेर-पायलीकडून वाटी-चमच्याकडे माप आलं, तेव्हा घरातली माणसं कमी झाली होती का? पाटा-वरवंटा कधी जातो आणि मिक्सर कधी येतो? पन्ह्यात गूळ कुठे आणि साखर कुठे? १९७३ पासूनच्या कालनिर्णयची मागची पानंही जपून ठेवा. रद्दीत जाणारा हा कागद मध्यमवर्गीय स्वयंपाकघराचा पन्नास वर्षांचा सलग दस्तऐवज आहे, आणि मला अजून एकही ग्रंथालय भेटलेलं नाही जिथे तो सलग लावून ठेवलाय.

मुलाखतींबद्दल आता. आत्याला किंवा शेजारच्या आजींना विचारा, 'तुमच्या लहानपणी चैत्रगौर कशी करायचे?' उत्तर येईल, 'अशीच गं, नेहमीसारखी.' बहुतेक जणांचं संशोधन इथेच बसतं. प्रश्न बदला. लोकांना सण आठवत नाहीत, संकटं आठवतात. मुंबईत १९४३ ला रेशनिंग आलं तेव्हा डाळीचं काय केलंत? पानशेतचा पूर जुलै १९६१ चा. त्याच्या पुढच्या चैत्रात पुण्यात नदीकाठच्या घरात गौर कुठे मांडलीत? ७२ च्या दुष्काळात, म्हणजे ७३ च्या चैत्रात, बोलावणी झाली का, आणि पन्ह्याला पाणी कुठून आणलंत? असं विचारलं की 'नेहमीसारखं' हा शब्द गळून पडतो. कोणी सांगेल की त्या वर्षी फक्त हळदकुंकू आणि मूठभर हरभरे. कोणी सांगेल की केलंच नाही आणि सासूबाई महिनाभर बोलल्या नाहीत. इतिहास तिथे सुरू होतो.

आणि मग तो प्रश्न, जो विचारायला जीभ अडखळते: कोणाला बोलवायचं नाही? हळदीकुंकू सवाष्णींचं. त्याच घरात, त्याच डाळीसाठी पहाटेपासून पाट्यावर बसलेली विधवा आत्या किंवा जाऊ संध्याकाळी मागच्या खोलीत असायची. आरासीच्या कुठल्याही फोटोत ती दिसत नाही. तिच्यासाठी पार्वतीबाई आठवल्यांची 'माझी कहाणी' (१९२८) वाचा, बाया कर्व्यांचं 'माझे पुराण' वाचा, आणि ताराबाई शिंद्यांची 'स्त्रीपुरुष तुलना' (१८८२) तर वाचाच. या पुस्तकांत चैत्रगौरीचं वर्णन शोधू नका. घरात बाईची जागा कुठे होती ते शोधा. एक अगदी अलीकडची तारीखही टिपून ठेवा. २०२२ साली अक्षय्य तृतीया ३ मे रोजी होती. त्याच आठवड्यात कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने विधवांचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र आणि जोडवी काढणं या प्रथा बंद करण्याचा ठराव केला, आणि महिन्याभरातच राज्य सरकारने इतर ग्रामपंचायतींनाही तसं आवाहन करणारं परिपत्रक काढलं. कपाळावरच्या कुंकवाचा असा लेखी सरकारी कागद झाला. यापुढे घरोघरी कोणाला बोलावलं जातं आणि कोणाला नाही, याच्या नोंदी ठेवणारं कोणी असेल तर ते तुम्ही. मुलाखत देणाऱ्या बाईला मात्र आधी सांगा की हे कशासाठी विचारताय, आणि ती 'हे लिहू नकोस' म्हणाली तर लिहू नका. घरातली गोष्ट सांगून संध्याकाळी तिला त्याच घरात राहायचं असतं.

शेवटचा पुरावा झोपाळ्यातच बसलेला असतो. घराण्याचे कागद, सनदा, वह्या बापाकडून मुलाकडे जातात. कुलवृत्तांत त्यांच्यावरच लिहिले गेले, म्हणून त्यांत सुना 'अमुक घराण्यातली' एवढ्याच उरतात, बऱ्याचदा लग्नानंतर बदललेल्या नावासकट. अन्नपूर्णा उलट्या वाटेने येते. पुष्कळ घरांत ती मुलीला लग्नात माहेराहून मिळते. म्हणजे देवघरातली बोटभर पितळेची मूर्ती आईकडून मुलीकडे, गावाकडून गावाकडे प्रवास करत आलेली असते, आणि तिचा मार्ग कुठल्याच कुलवृत्तांतात नसतो. घरातल्या जुन्या अन्नपूर्णा पाहिल्यात तर दिसेल की त्या एकसारख्या नाहीत. पळीचा आकार वेगळा, बैठक वेगळी, घडण वेगळी. कोणती कुठल्या गावच्या तांबटाने केली ते जाणकार तांबट अजूनही सांगू शकतात, आणि तसे जाणकार दर वर्षी कमी होतायत.

तेव्हा या चैत्रात कोणाकडे डाळ-पन्ह्याला गेलात तर आरासीचा फोटो काढालच, तो सगळेच काढतात. दारातलं चैत्रांगण पुसलं जायच्या आत त्याचाही वरून सरळ एक फोटो घ्या, शेजारी पट्टी ठेवून. मग घरातल्या थोरल्या बाईला विचारून मूर्ती हातात घ्या, बैठकीच्या खालच्या बाजूला काही कोरलंय का पाहा, आणि विचारा: ही कोणाबरोबर आली? तिच्याकडे कोणाबरोबर आली होती? तिच्या आईचं गाव कोणतं? तिसऱ्या नावापर्यंत पोचलात तर बहुधा शंभरएक वर्षं मागे गेलेले असाल. नावं आणि गावं त्याच दिवशी लिहून काढा, तारखेबरोबर तिथीही घाला, आणि डाळ खाल्ली असेल तर तीत मिरची किती होती तेही.